शोलाकिळी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दक्षिण भारतातील पश्चिम घाटाच्या उंच माथ्यांवर गवताळ उतार आणि त्यांच्या घळींमध्ये वाढलेली खुरटी, सदाहरित जंगले असा दुहेरी प्रदेश आढळतो. यांतील जंगलांना ‘शोला’ म्हणतात आणि त्यांच्या तळाशी झुडपांच्या दाटीत वावरणारा, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा गडद निळा गाणारा पक्षी म्हणजे शोलाकिळी. पश्चिम घाट ही एकच रांग असल्याने हा पक्षी महाराष्ट्राच्या सह्याद्रीतही असावा, असे सहज वाटते. परंतु त्याच्या अधिवासाची उत्तर सीमा कर्नाटकातील बाबाबुदनगिरीपाशीच संपते.

शोलाकिळीला हिमालयातील आखूडपंखी पक्ष्यांची दक्षिणेकडील शाखा मानण्याची समजूत तर शास्त्रीय ग्रंथांतही दीर्घकाळ होती आणि केवळ बाह्य साम्यावरून तिची गणना त्याच प्रजातीत केली जात असे. जनुकीय अभ्यासातून मात्र तिचे नाते निळ्या माशीमार पक्ष्यांशी अधिक जवळचे असल्याचे दिसून आले, आणि २०१७ मध्ये व्ही. व्ही. रॉबिन व सहकाऱ्यांनी तिच्यासाठी ‘शोलिकोला’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली.

याहून खोलवर रुजलेला गैरसमज असा की, पक्ष्याला पंख असल्यामुळे दरी त्याला अडवू शकत नाही. निलगिरी आणि अण्णामलै यांच्यामध्ये पालघाटची सखल, सुमारे तीस किलोमीटर रुंद खिंड आहे. मोकळ्या, उष्ण मैदानावरून दूरवर उडण्याची सवय नसलेल्या आणि थंड, दमट जंगलाला जखडलेल्या या पक्ष्याच्या दृष्टीने ती समुद्रासारखीच आहे, म्हणूनच अशा माथ्यांना ‘आकाशबेटे’ म्हणतात. खिंडीच्या उत्तरेस तांबूस कुशीची निलगिरी शोलाकिळी, तर दक्षिणेस पांढऱ्या पोटाची शोलाकिळी राहते. हे एकाच जातीचे किरकोळ रंगभेद नसून लाखो वर्षांच्या विलगतेतून घडलेल्या दोन जाती आहेत. ही विलगता गाण्यातही उतरते. प्राचीन खिंडींनी तोडलेल्या समूहांची गाणी वेगळी झाली आहेतच. शिवाय, अलीकडच्या जंगलतोडीने दुरावलेल्या समूहांच्या गाण्यांतही फरक पडू लागल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे, आणि हीच नोंद सर्वांत चिंताजनक म्हटली पाहिजे, कारण निसर्गाला ज्यासाठी युगे लागली ते काम मानवी हस्तक्षेप काही दशकांत करीत आहे.

शोलाभोवतीचा गवताळ प्रदेश म्हणजे तोडलेल्या जंगलाची उरलेली ओसाड जागा, ही समजूतही चुकीची आहे. निलगिरीतील दलदलींच्या थरांच्या अभ्यासानुसार तेथे वीस हजार वर्षांपूर्वीही गवताळ प्रदेश होता. तरीही त्याला पडीक ठरवून एकोणिसाव्या शतकापासून वॅटल, निलगिरी व पाइन ही परदेशी झाडे लावली गेली. पळणी डोंगरांत अशा लागवडीमुळे आणि शेतीमुळे चार दशकांत सुमारे दोन-तृतीयांश गवताळ प्रदेश नाहीसा झाला, आणि शोलांचे क्षेत्रही घटले. त्यामुळे ‘झाडे लावली म्हणजे जंगलातील पक्षी वाचला’ हे समीकरण येथे लागू पडत नाही. लागवडीची झाडे शोलाची जागा घेऊ शकत नाहीत.

एका डोंगरावरची शोलाकिळी नष्ट झाली, तर दुसऱ्या डोंगरावरून ती आपोआप परत येण्याची शक्यता फार थोडी आहे. म्हणून संरक्षणाचा विचार जातींची यादी पाहून नव्हे, तर एकेका डोंगराचा स्वतंत्रपणे व्हायला हवा.