आधी पिंजरा, मग पाखरं

"अहो काकू, दोनाचे सात झाले बघा आमच्याकडे!" शेजारच्या काकूंना मी मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. काकूंनी पिंजऱ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "सात झाले खरे, पण बसतात कुठे गं सगळे?" मी हसण्यावारी नेलं. पंधरा दिवसांनी त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तेव्हा हसू पार पळालं होतं.

आपल्या घरात पाखरं येतात ती बहुतेक वेळा न ठरवताच. आमच्याकडेही तसंच झालं. धाकट्याचा वाढदिवस, आठवडी बाजार आणि तिथे टांगलेला गोल घुमटाचा सोनेरी पिंजरा. आत एक हिरवी मादी आणि एक निळा नर. विकणारा म्हणाला, "लव्हबर्ड आहेत ताई, काही त्रास नाही. बाजरी टाकली की झालं." लेकाने हिरवीचं नाव ठेवलं पाचू. पुढे शेजारच्या बिऱ्हाडाची बदली झाली, त्यांची जोडीही आमच्याकडे आली. गोल पिंजरा पुरेना म्हणून दीड फुटी चौकोनी पिंजरा आणला. कुणीतरी म्हणालं, मडकं लावा, पिल्लं होतील. लावलं. तीन पिल्लं झाली. घरभर आनंद!

आणि एका सकाळी पाचू पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली दिसली. डोक्यावर रक्त. मडकं एक आणि त्यावर हक्क सांगणाऱ्या माद्या दोन. कापडात गुंडाळून पशुवैद्यकीय दवाखान्यात धावले, पण उशीर झाला होता. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आजार नाही हो हा. जागा कमी पडली." लेक दोन दिवस नीट जेवला नाही. मलाही भाकरी गोड लागेना, कारण पिंजरा मीच निवडला होता.

म्हणून मैत्रिणींनो, हा लेख. पाखरं किती आणायची हे हौसेने नाही, पिंजऱ्याने ठरवायचं.

आधी ओळख पटवा

बाजारात ज्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात, ते बहुधा बजरीगर असतात. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, तिथे मोठमोठ्या थव्यांनी राहणारे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. चोच जाड आणि स्वभाव तिखट. ते बजरीगरची बोटं चावून जायबंदी करतात. त्यामुळे दोघांना एका पिंजऱ्यात ठेवायचंच नाही. फिंच तर अगदी नाजूक, त्यांनाही वेगळंच घर द्यावं. "सगळी पाखरंच ना, राहतील एकत्र" हा हिशेब इथे चालत नाही.

आणखी एक. आजीच्या काळी दारात पिंजरा आणि पिंजऱ्यात विठू विठू करणारा राघू असायचा. पण आपला हिरवा पोपट, मुनिया, मैना हे आपल्या रानचे पक्षी घरात पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. कुणी कितीही स्वस्तात दिला तरी "नको" म्हणा.

उंच नको, लांब हवा

पक्षी हेलिकॉप्टरसारखा सरळ वर चढत नाही, आडवा उडतो. म्हणून उंच मनोऱ्यासारखा पिंजरा दिसायला छान, पण पाखराच्या कामाचा नाही. गोल पिंजऱ्यात तर उडायलाही जागा नाही आणि घाबरल्यावर लपायला कोपराही नाही. बजरीगरच्या एका जोडीला निदान तीस इंच लांब, अठरा इंच रुंद आणि अठरा इंच उंच पिंजरा हवा. जोड्या वाढल्या की लांबी वाढवायची. साधी परीक्षा सांगते: एका टोकाच्या काठीवरून दुसऱ्या टोकाला पाखराला पंख मारत जाता आलं पाहिजे. नुसती उडी मारून पोचत असेल, तर पिंजरा लहान आहे असं समजा.

दोन गजांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. बजरीगर आणि फिंच डोकं बाहेर काढू पाहतात आणि अडकतात. शिवाय रुंद गजांतून उंदीर सहज आत येतो, मांजराचा पंजाही जातो.

आमच्या उरलेल्या सहा जणांसाठी मी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पिंजरा करून घेतला. चार फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच. अर्ध्या इंचाची जाळी, खाली ओढून काढायचा ट्रे. तो म्हणाला, "वहिनी, मस्त सोनेरी रंग मारून देतो." मी म्हटलं, "आतून काही मारू नका भाऊ, ही दिवसभर जाळी कुरतडतात." नव्या जाळीवर जस्ताचा मुलामा असतो. ते पोटात गेलं तर विषबाधा होते. म्हणून जाळी व्हिनेगर लावून ब्रशने घासली, भरपूर पाण्याने धुतली आणि उन्हात खडखडीत वाळवली. त्याने धोका कमी होतो. ऐपत असेल तर स्टेनलेस स्टील उत्तमच.

आतली मांडणी

घरात चार माणसं असली की एकच खुर्ची ठेवून चालतं का? तसंच हे. दाण्याच्या वाट्या दोन, पाण्याच्या दोन आणि त्या दोन टोकांना. म्हणजे एखादी दांडगी मादी सगळ्यांना अडवून धरत नाही. सर्वांना सगळ्यात उंच काठीच हवी असते, म्हणून निदान दोन काठ्या सारख्याच उंचीवर लावा. काठ्या पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या, कमीजास्त जाडीच्या असाव्यात. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर सतत बसून पाय दुखावतात. वाट्या काठीखाली नकोत, विष्ठा पडते. मधली जागा उडायला मोकळी सोडा.

आणि मडकं? ते मी काढून टाकलं. बजरीगर एका वेळी चार ते सहा अंडी घालतात, साधारण अठरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. ती कुठे ठेवणार, कुणाला देणार, हे ठरलं नसेल तर मडकं लावूच नये. लावायचंच असेल, तर जोड्यांपेक्षा जास्त मडकी आणि सगळी एकाच उंचीवर. "जास्त झाले तर सोडून देऊ" हे मात्र मनातही आणू नका. पिंजऱ्यात वाढलेलं हे परदेशी पाखरू आपल्या रानात जगत नाही.

पिंजरा ठेवायचा कुठे?

स्वयंपाकघरात अजिबात नाही. नॉनस्टिक तवा फार तापला की निघणारी वाफ पाखरांचा जीव घेऊ शकते. फोडणीचा धूर, धूप, डासांची अगरबत्ती हेही त्यांना सोसत नाही. पिंजरा डोळ्यांच्या उंचीवर, एका बाजूला भिंत असलेला, कोवळं ऊन येईल पण सावलीतही सरकता येईल असा ठेवा. रात्री दहा-बारा तास शांत झोप हवी. टीव्ही चालू असेल तर दुसऱ्या खोलीत हलवा. वर सरकणारी दारं चिमट्याने बंद करा, पाखरं ती उचलायला शिकतात.

आणि जुना छोटा पिंजरा भंगारात देऊ नका. नवं पाखरू आलं की महिनाभर त्यात वेगळं ठेवायचं, म्हणजे एकाचा आजार सगळ्यांना लागत नाही. आजारी पाखराचाही तोच दवाखाना.

परवा काकू आल्या होत्या. निळ्या नराने या टोकाकडून त्या टोकाला झेप घेतली, पंखांचा फडफडाट झाला. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता बसतायत हो सगळे." लेकाने मात्र मला हळूच विचारलं, "आई, हा पिंजरा आधी आणला असता तर?"

त्याला काय उत्तर देणार? म्हणून तुम्हाला सांगते. आधी पिंजरा आणा, मग पाखरं.