लॅपटॉपच्या पडद्यावरील दोष व त्यांचे निदान

लॅपटॉपच्या पडद्यावर मूळ चित्राशी संबंध नसलेल्या रेषा, ठिपके, चौकटी वा रंगांचे पट्टे उमटणे, चित्र थरथरणे, पुसट होणे किंवा मुळीच न दिसणे, या विकृतींना व्यवहारात सरसकट ‘पडद्याचा बिघाड’ म्हटले जाते. वस्तुतः त्यांचे मूळ पडद्यातच असते असे नाही. चित्र रचणारी आलेखी चिप व तिची स्मृती, चिपला आज्ञा देणारी चालक आज्ञावली, चित्राचे संकेत वाहून नेणारी केबल आणि प्रत्यक्ष पडदा यांपैकी कोठेही दोष असला, तरी पाहणाऱ्यास तो पडद्यावरच दिसतो. दुरुस्तीचा खर्च मात्र दोष कोठे आहे यावर सर्वस्वी अवलंबून असतो. चालक आज्ञावली बदलण्यास खर्च येत नाही, केबल स्वस्त असते, पडदा महाग असतो, आणि आलेखी चिप नादुरुस्त झाल्यास पुष्कळदा मुख्य मंडल (बाजारातील भाषेत मदरबोर्ड) बदलावे लागते. निदान चुकल्यास धडधाकट पडदा काढून नवा बसविला जातो, पैसे खर्च होतात आणि रेषा पूर्वीप्रमाणेच राहतात.

वऱ्हाडात या प्रश्नाला एक अधिक बाजू आहे. अमरावती व अकोला या शहरांत दुरुस्तीची दुकाने आहेत. परंतु मेळघाटातील धारणी तालुक्यात राहणाऱ्यास परतवाडा किंवा अमरावती गाठण्यासाठी घाट उतरून यावे लागते. याच तालुक्यातील हरिसाल येथे २०१६ मध्ये राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने ‘डिजिटल गाव’ प्रकल्प सुरू झाला. अशा ठिकाणी संगणक पोहोचतो, त्याचा दुरुस्तीकार पोहोचत नाही. म्हणून घरच्या घरी, कोणतेही हत्यार न वापरता करता येणाऱ्या चाचण्यांना येथे विशेष महत्त्व आहे.

रचना : आलेखी चिप चित्रातील प्रत्येक बिंदूची तेजस्विता अंकरूपाने स्मृतीत मांडते. हे अंक दर सेकंदास सामान्यतः ६० वेळा वाचले जातात आणि बिजागरीतून जाणाऱ्या चपट्या, बारीक तारांच्या केबलीतून पडद्यामागील नियंत्रक मंडलाकडे जातात. दीर्घकाळ प्रचलित असलेल्या १,३६६ × ७६८ या मापाच्या पडद्यावर १०,४९,०८८ चित्रबिंदू असतात व प्रत्येकाचे लाल, हिरवा व निळा असे तीन भाग असल्याने एकूण ३१,४७,२६४ उपबिंदू होतात. प्रत्येक उपबिंदूस स्वतःचा सूक्ष्म ट्रँझिस्टर असतो. द्रव स्फटिक स्वतः प्रकाश देत नाही; तो ध्रुवित प्रकाशाची दिशा वळवून प्रकाश अडवितो किंवा सोडतो [⟶ द्रव स्फटिक]. प्रकाश मागून येतो. सु. २०१० पर्यंत त्यासाठी पाऱ्याची वाफ असलेली बारीक नळी वापरीत. त्यानंतर तिची जागा प्रकाश उत्सर्जक डायोडांनी घेतली.

पडद्याच्या कडेला असलेल्या चालक चिपांपासून उपबिंदूंच्या प्रत्येक स्तंभास एक वाहक जातो. असा एखादा जोड सुटला की, पडद्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एकाच रंगाची, केसासारखी सरळ उभी रेषा दिसते. ही रेषा जागा बदलत नाही आणि कोणतीही आज्ञावली उघडली तरी तशीच राहते. हा पडद्याचाच दोष होय व तो सामान्य दुकानात दुरुस्त होत नाही. पडदा बदलावा लागतो.

निदान : कोणतीही चाचणी करण्यापूर्वी संगणकातील कामाच्या फायलींची प्रत दुसऱ्या साधनावर काढून घ्यावी. आलेखी चिपचा दोष बळावल्यावर यंत्र पुन्हा सुरू होईलच असे सांगता येत नाही. माहिती साठविणारी चकती शाबूत असली, तरी अनेक नव्या लॅपटॉपांत ती मुख्य मंडलावरच डाखलेली असते व मंडलाबरोबर तीही जाते. प्रबंध अथवा हिशेब एकाच यंत्रावर असणाऱ्याने ही पायरी गाळू नये.

पहिली व सर्वांत उपयुक्त चाचणी बाहेरच्या पडद्याची होय. घरातील दूरचित्रवाणी संच एचडीएमआय तारेने लॅपटॉपला जोडावा. संचावर चित्र स्वच्छ आणि लॅपटॉपवर विकृत दिसत असेल, तर दोष बहुधा केबल वा पडदा यांत असतो. दोन्हीकडे तीच विकृती दिसल्यास संशय आलेखी चिप, तिची स्मृती किंवा चालक आज्ञावली यांवर जातो. या चाचणीस एक मर्यादा आहे. ज्या लॅपटॉपात प्रक्रियकातील अंगभूत व स्वतंत्र अशा दोन आलेखी चिपा असतात, त्यांपैकी काहींत बाहेरची जोडणी एका चिपकडून व आतला पडदा दुसरीकडून चालविला जातो. तेव्हा एका पडद्यावरील निष्कर्ष दुसऱ्यास जसाच्या तसा लावता येत नाही.

याला जोड म्हणून पडद्याचे छायाचित्र संगणकाच्याच कळीने घ्यावे व ते दुसऱ्या यंत्रावर, भ्रमणध्वनीवर पाठवून पाहावे. असे छायाचित्र स्मृतीतील अंकांवरून तयार होते. म्हणून त्यात रेषा आढळल्या, तर विकृती केबलपर्यंत पोहोचण्यापूर्वीच झालेली असते. त्यात त्या नसल्या, तर केबल व पडदा यांवरील संशय वाढतो; तथापि चिपच्या अखेरच्या, संकेत बाहेर पाठविणाऱ्या भागातील दोष छायाचित्रात येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

विकृती केव्हा सुरू होते हेही बोलके असते. यंत्र चालू करताच, उत्पादकाचे बोधचिन्ह दिसण्याच्या क्षणीच चौकटी वा पट्टे दिसू लागले, तर तोवर विंडोज सुरूच झालेले नसल्याने चालक आज्ञावलीस दोष देता येत नाही. बोधचिन्ह स्वच्छ दिसून पुढे बिघाड होत असेल, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकदम दाबून चालक आज्ञावली नव्याने सुरू करावी (विंडोज १० व नंतरच्या आवृत्त्या). नंतर ‘सेफ मोड’मध्ये यंत्र चालवून पाहावे आणि उत्पादकाची चालक आज्ञावली पुन्हा बसवावी. झाकण मागेपुढे करताना चित्र जाते-येते असेल, तर बिजागरीतील केबल तपासावयास हवी. पडदा काळा आहे, पण अंधारात विजेरीचा झोत तिरपा टाकल्यास पुसट चित्र दिसते, अशा वेळी केवळ मागचा प्रकाश गेलेला असतो. सर्व पडद्यावर ठराविक अंतराने पुनरावृत्त होणाऱ्या चौकटी किंवा तुटक उभे पट्टे हे आलेखी स्मृतीच्या दोषाचे वैशिष्ट्यपूर्ण लक्षण आहे. एवढी निरीक्षणे दूरध्वनीवरून सांगितली, तरी जाणत्या दुरुस्तीकारास कोणता भाग मागवावा हे कळते आणि शहराची एक खेप वाचते.

उष्मा व वऱ्हाड : बहुतेक उत्पादकांच्या तांत्रिक पत्रकांत लॅपटॉप वापरावयाच्या जागेचे कमाल तापमान ३५° से. दिलेले असते. अकोला व अमरावती येथे एप्रिल व मे महिन्यांत दुपारी ही मर्यादा जवळजवळ रोज ओलांडली जाते. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५° से.च्या वर गेला असता जिल्हा प्रशासनाने उन्हामुळे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आदेश काढले होते. चिपपासून हवेकडे जाणारी उष्णता दोहोंच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते. म्हणून २५° से. तापमानाच्या खोलीत एखादी चिप कामाच्या भाराखाली ८०° से. ला स्थिरावत असेल, तर तेच काम ४५° से. तापमानात करताना ती १००° से.च्या घरात जाईल. या सुमारास संरक्षक यंत्रणा चिपचा वेग कमी करते; तेवढ्याने न भागल्यास यंत्र बंद पडते. उन्हाळ्यात दुपारी चित्र अडखळणे व सकाळी ते सुरळीत चालणे हे त्यामुळे नेहमीच बिघाडाचे लक्षण नसते.

तापमानाचा खरा परिणाम मात्र हळूहळू होतो. सिलिकॉनचा रेषीय प्रसरण गुणांक दर अंश से.ला सु. २·६ × १०⁻⁶, तर ज्या रेझिनयुक्त पट्टीवर चिप बसविलेली असते तिचा सु. १५ × १०⁻⁶ असतो. १५ मिमी. लांबीची चिप ६०° से.ने तापली असता दोहोंच्या प्रसरणात सु. ०·०११ मिमी. फरक पडतो. हा फरक केसाच्या जाडीहून पुष्कळ कमी असला, तरी चिपखालील झाळेचे गोळे स्वतःच केसाएवढे असल्याने त्यांना तो सोसावा लागतो. यंत्र रोज तापते व निवते आणि झाळ प्रत्येक वेळी किंचित वाकते. कमाल तापमान जितके अधिक, तितके झाळेतील धातूचे विसर्पण अधिक होते व तडा लवकर जातो.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २००८ मधील आहे. त्या वर्षी जुलै महिन्यात एनव्हिडिया या कंपनीने लॅपटॉपांतील आपल्या काही आलेखी चिपांत चिप व वेष्टन यांचे साहित्य कमकुवत निघाल्याचे मान्य केले आणि दुरुस्तीसाठी १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली. डेल, एचपी व ॲपल यांचे लॅपटॉप त्यात सापडले. पुढे सामूहिक दाव्यात २०१० मध्ये समझोता झाला, पण तो अमेरिकेतील ग्राहकांपुरता होता. ॲपलने २०११ ते २०१३ मधील काही मॅकबुक प्रो यंत्रांच्या चित्रदोषांसाठी फेब्रुवारी २०१५ मध्ये विनामूल्य दुरुस्तीची योजना काढली. जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्याने त्याचे साल व आतील आलेखी चिप पाहण्याचे कारण हेच होय.

चिप तापविण्याचा उपाय : दोष आलेखी चिपमध्ये आहे असे ठरल्यावर उष्ण हवेच्या यंत्राने ती तापवून झाळ पुन्हा वितळविण्याचा, किंवा चिप उचलून तिच्याखाली नवे गोळे बसविण्याचा (रीबॉलिंग) उपाय सुचविला जातो. यंत्र पुन्हा सुरू होते, ग्राहक समाधानाने पैसे देतो, आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत पट्टे परत येतात. कारण असे की, चिपला दोन पातळ्यांवर झाळ असते. बाहेरचे मोठे गोळे वेष्टनास मंडलाशी जोडतात. त्यांची पुनर्झाळ करता येते. आतील अतिसूक्ष्म गोळे सिलिकॉनला वेष्टनाशी जोडतात. ते रेझिनमध्ये गाडलेले असतात व तेथे कोणतेही दुकान पोहोचू शकत नाही. २००८ च्या प्रकरणातील तडे या आतल्या गोळ्यांत होते, असे स्पष्टीकरण सामान्यतः स्वीकारले गेले आहे. हे गोळे जवळपास शिशाचेच असल्याने ३००° से.च्या वरच वितळतात. दुकानातील उष्णतेने ते वितळत नाहीत, केवळ प्रसरणामुळे तड्याच्या कडा काही काळ एकमेकींस टेकतात. शिसेविरहित झाळेवर सारा दोष ढकलण्याची प्रथा म्हणूनच फारशी समर्थनीय नाही. यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून व भारताने १ मे २०१४ पासून शिशाच्या वापरावर मर्यादा घातल्यानंतर बाहेरच्या गोळ्यांत कथिल, चांदी व तांबे यांची सु. २१७° से.ला वितळू लागणारी झाळ आली (जुनी १८३° से.ला वितळे), ती अधिक ताठ असते हे खरे. परंतु आतला तडा बाहेरची झाळ बदलून सांधत नाही. बाहेरचा गोळा खरोखर सुटला असेल, उदा., यंत्र पडल्यामुळे, तर मात्र रीबॉलिंग टिकाऊ ठरू शकते. मंडल घरच्या भट्टीत भाजण्याचा प्रयोग तर कधीच करू नये. त्यात धारित्रे व प्लॅस्टिकचे भाग निकामी होतात आणि अन्न शिजविण्याची भट्टी विषारी धुराने दूषित होते.

यापेक्षा स्वस्त पर्याय कित्येकदा उपलब्ध असतो. २०१० नंतरच्या बहुतेक इंटेल प्रक्रियकांत अंगभूत आलेखी यंत्रणा आहे. स्वतंत्र चिप बिघडली असता ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून ती बंद केल्यास लेखन, हिशेब, शिकवण्या यांसाठी यंत्र पुढे वापरता येते. जोडणीच्या रचनेमुळे सर्वच यंत्रांत हे साधत नाही; तरी मंडल बदलण्याआधी करून पाहण्यास काही लागत नाही.

धूळ, ओलावा व कीटक : सरकी काढण्याच्या कारखान्यांच्या परिसरात आणि कापूस साठविलेल्या घरांत हवेत बारीक तंतू असतात. ते पंख्यामागील धातूच्या पातळ पात्यांवर बसून नमद्यासारखा थर बनवितात. पंखा जोराने फिरतो, पण बाहेर येणारी हवा क्षीण असते. ही खूण ओळखून वर्षातून एकदा, शक्यतो मार्चपूर्वी, सफाई करून चिपवरील उष्णतावाहक लेप बदलून घ्यावा. कूलरचा प्रश्न वेगळा आहे. त्याने खोली गार होते आणि त्या दृष्टीने तो यंत्रास हितकरच आहे. परंतु त्याच्या थेट झोतात ठेवलेल्या लॅपटॉपवर क्षारयुक्त पाण्याचे तुषार पडतात. ते वाळल्यावर केबलच्या जोडांवर क्षार राहतात आणि पडद्याच्या खालच्या कडेने थरांमध्ये ओलावा शिरून ढगासारखे डाग पडतात. झोतापासून बाजूला बसावे, एवढेच पुरे. पावसाळ्यात दिव्याकडे येणारे बारीक कीटकही कधी कधी पडद्याच्या थरांत शिरतात व मृत चित्रबिंदूसारखे दिसतात. ठिपका हलत असेल, तर पडदा दाबू नये. चिरडलेला कीटक तेथेच राहतो. न दाबलेला बहुधा आपण होऊन निघून जातो.

ग्राहकाची बाजू : हमीच्या मुदतीत आलेला दोष विक्रेत्याने नाकारल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ (जुलै २०२० पासून अंमलात) याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे ती दाखल करता येत असल्याने अमरावती वा अकोल्याच्या ग्राहकास कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या शहरी जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूबाबत शुल्क नाही व तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. विकृती येते-जाते अशा स्वरूपाची असल्यास सेवाकेंद्रात यंत्र नेमके ठीक चालते. म्हणून भ्रमणध्वनीवर तिचे दिनांकासह चलच्चित्रण करून ठेवावे आणि सेवाकेंद्राने दिलेल्या प्रत्येक कामपत्रिकेवर दोषाचे वर्णन लिहून घ्यावे.

बदललेला जुना पडदा ग्राहकाने मागून घेणे इष्ट; तो खरोखर बिघडला होता की नाही हे त्यावरून पडताळता येते. नळीचा प्रकाश असलेला पडदा फुटल्यास त्यातील पारा बाहेर पडतो. त्यामुळे असा पडदा भंगारात न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच सोपवावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी त्याची अंतिम जबाबदारी उत्पादकावर ठेवली आहे.