वजन, कंबर आणि बाईचं हृदय

दुपारची कामं बाजूला ठेवून देवगाव फाट्यावर एवढ्या आयाबाया जमल्या, फार बरं वाटलं. आम्ही रुग्ण तपासायला बसतो तेव्हा एक वाक्य हमखास ऐकतो : ‘‘चार पायऱ्या चढल्या की दम लागतो, पण आता वय झालं ना!’’ आणि हे सांगणारी बाई असते पंचेचाळिशीची. आज आपण या एका वाक्याबद्दलच बोलू.

आधी हृदयाचं काम समजून घेऊ. मुठीएवढा हा स्नायू मिनिटाला सुमारे 70 वेळा, म्हणजे दिवसाला लाखभर वेळा ठोके देतो. आपण नुसतं बसलो असलो तरी मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त पुढे ढकलतो. अंगावर चरबी वाढली की तिलाही रक्त लागतं. शरीरातलं एकूण रक्त वाढतं, त्यात बहुतेकदा रक्तदाबही वाढतो. विहिरीवरची मोटार तीच, पण पाइप लांबत गेला, तर मोटारीवर ताण येणारच.

मोटार जळते. हृदयाचं तसं एकदम होत नाही. ते वर्षानुवर्षं ताण सोसतं आणि सोसता सोसता त्याची भिंत जाड आणि कडक होते. कडक हृदय दाबलं तर जातं, पण नीट सैल होत नाही. आता बघा, घागर पुरती भरलीच नाही तर ओतणार काय? पुढे जागा न मिळालेलं रक्त फुफ्फुसांकडे तुंबतं आणि दम लागतो. अशा बाईची इको तपासणी केली तर पंपिंग 60 टक्के, म्हणजे चांगलं दिसू शकतं. तरीही तिला हार्ट फेल्युअर असू शकतं. हा प्रकार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतो. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. दम का लागतो, हे विचारायचं.

याला पुरावा काय? अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात 1948 पासून लोकांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे. त्यातल्या 5,881 जणांची सरासरी 14 वर्षांची नोंद 2002 साली प्रसिद्ध झाली. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकानं वाढला की हार्ट फेल्युअरचा धोका पुरुषांत 5 टक्के आणि बायकांत 7 टक्के वाढलेला दिसला. दीड मीटर उंचीच्या बाईसाठी बीएमआयचा एक अंक म्हणजे फक्त सव्वादोन किलो!

कुणी म्हणेल, ‘‘आमच्याकडं कुठं एवढ्या जाड बायका?’’ खरं आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20.8 टक्के बायका कमी वजनाच्या आणि 23.4 टक्के जास्त वजनाच्या निघाल्या. म्हणजे दोन्ही दुखणी एकाच राज्यात, कधी एकाच घरात. पण किडकिडीत दिसणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना केली होती. ती 2004 साली लॅन्सेटमध्ये छापून आली. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! आपल्या लोकांची चरबी वजनकाट्यावर दिसत नाही, ती पोटात लपते.

म्हणून आपल्यासाठी मापं कडक आहेत. बीएमआय 23 च्या पुढं गेला की जास्त वजन, 25 च्या पुढं लठ्ठपणा. दीड मीटर उंचीच्या बाईसाठी हे आकडे साधारण 52 आणि 56 किलो होतात. आणि बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत हवी. शिंप्याचा टेप घ्या, श्वास सोडा, बेंबीच्या थोडं वर धरा. एवढंच.

बाईच्या आयुष्यात वजन टप्प्याटप्प्यानं चढतं. बाळंतपणात वाढलेलं पुरतं उतरत नाही, तोवर दुसरं येतं. गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली असेल तर बाळंतपणानंतर ती उतरते आणि आपण विसरतो. पण त्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका जास्त राहतो. डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. मग पाळी जाते. मांड्यांवरची चरबी पोटाकडं सरकते, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वाढतं. त्यात अंगात रक्त कमी असेल तर हृदयाला आणखी जोरानं पळावं लागतं. वर सांगितलेल्या पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय होता.

‘‘आम्ही दिवसभर राबतो, मग वजन का वाढतं?’’ हा रास्त प्रश्न आहे. जातं गेलं, आडाचं पाणी गेलं. कापूस वेचणीचे दिवस सोडले तर वर्षभर तेवढी मेहनत राहिली नाही. उलट साखरेचा चहा चार वेळा, बिस्किटं, फरसाण, उपवासाला साबुदाणा. आणि सगळ्यांचं उरलेलं, वाया जाऊ नये म्हणून, आई खाते. आई म्हणजे उकिरडा नव्हे, हे घरातल्या पुरुषांनीही ऐकावं.

आता उपाय. वजनाच्या 5 ते 10 टक्के कमी झाले, म्हणजे 60 किलोच्या बाईचे 3 ते 6 किलो, तरी रक्तदाब आणि साखर सुधारते. उपाशी राहू नका. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी भरपूर, तेल-साखर मोजून. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपाझप चाला, दोघी-तिघी मिळून. तिशीनंतर आरोग्य उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर मोफत तपासतात. आशाताई फॉर्म भरताना कंबर मोजतात, तेव्हा लाजू नका.

आणि शेवटचं. छातीत दाब, जबड्यात किंवा पाठीत कळ, घाम, मळमळ, अचानक गळून जाणं, यांपैकी काही झालं तर ‘पित्त झालं’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका. 108 ला फोन करा. पायाला सूज, रात्री उशी उंच केल्याशिवाय झोप नाही, कालपर्यंत जमणाऱ्या कामाला आज दम, हेही अंगावर काढू नका. पंचेचाळिशीत दम लागणं हे वय नव्हे. ते हृदयाचं सांगणं आहे, ते वेळेवर ऐकू या.


आता तुमचे प्रश्न घेऊ.