७० टक्क्यांचा आकडा आला कुठून?

संस्थात्मक बदलावरचं पुस्तक घेताना आधी एक वाक्य शोधा: ‘बदलाचे ७० टक्के प्रयत्न फसतात.’ सापडलं, तर त्याखाली संदर्भ कोणता दिलाय ते बघा. प्रशिक्षणवर्गांत, सल्लागारांच्या स्लाइडवर, पुस्तकांच्या प्रस्तावनांत हे वाक्य इतकं ठामपणे येतं की पुरावा मागायचं कुणाला सुचतच नाही.

मायकेल हॅमर आणि जेम्स चँपी यांनी १९९३च्या पुस्तकात लिहिलं, की ‘रीइंजिनीअरिंग’ (कामाच्या प्रक्रियांची मुळापासून फेरआखणी) करणाऱ्या ५० ते ७० टक्के कंपन्यांना हवा तसा मोठा फरक साधत नाही. हा अंदाज शास्त्रीय नाही, हेही त्यांनी तिथेच सांगितलं होतं. पुढे ५० गळाले, ‘अंदाज’ गळाला आणि एका पद्धतीबद्दलचं विधान सगळ्याच बदलांना चिकटलं. हॅमर यांनी १९९५मध्ये खुलासा केला, तरी २०००मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त ७० टक्के पुन्हा छापून आलेच. अखेर २०११मध्ये मार्क ह्यूज यांनी ‘जर्नल ऑफ चेंज मॅनेजमेंट’मध्ये या आकड्याचे पाच छापील दाखले तपासले, एकाच्याही मागे विश्वासार्ह पुरावा निघाला नाही. बदल सोपा असतो, असं मी म्हणत नाही. पण फसणं म्हणजे काय, ते कधी मोजलं, कुणी ठरवलं, हे न सांगता टक्केवारी निघतेच कशी? आणि हा आकडा निरुपद्रवीही नाही. तो ऐकून माणसं काम सुरू व्हायच्या आधीच हात टेकतात.

खप मोठा म्हणजे संशोधन भक्कम, असंही नसतं: जॉन कॉटर यांच्या १९९६च्या पुस्तकातल्या बदलाच्या आठ पायऱ्या त्यांच्या अनुभवातून आल्या आहेत, त्या तशाच वाचाव्यात. कर्ट लेविन यांच्या नावावरची बदलाची तीन टप्प्यांची चौकट आज दिसते त्या रूपात १९४७मधल्या त्यांच्या मृत्यूनंतर इतरांनी घडवली, असं २०१६चा ‘ह्यूमन रिलेशन्स’मधला लेख दाखवतो. बदलाला सामोऱ्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना लावल्या जाणाऱ्या दुःखाच्या पाच अवस्था एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९मध्ये मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांशी बोलून.

आणि या विषयावर आपल्याकडे कुणी लिहिलंच नाही, हे तर साफ चूक. उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी १९७०च्या दशकात लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची व्यवस्था आखली. दोघांची पुस्तकं इथल्याच संस्थांमधल्या कामातून आली आहेत. दुकानात ती आधी मागा.