नवा पाहुणा जेवत का नाही?

मैत्रिणींनो, मुलांचा हट्ट म्हणा नाहीतर दिवाणखान्याची शोभा म्हणा, एके दिवशी घरात काचेची पेटी येते. तळाला वाळू, दोन हिरवी रोपं आणि मोठ्या हौसेनं निवडलेले चार मासे. दुसऱ्या दिवसापासून घरात एकच घोष सुरू होतो, "आई, तो खातच नाही गं!" दाणे टाकावेत तर मासा कोपऱ्यात तोंड फिरवून उभा. आपला जीव कळवळतो, आपण आणखी एक चिमूट टाकतो. मुलं शाळेतून आली की टाकतात, घरधनी ऑफिसातून आले की तेही टाकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी गढूळ होतं आणि मासा उताणा तरंगताना दिसतो.

"उपाशी मेला बिचारा!" असं सगळे हळहळतात. पण तसं नसतं हो! अंग ऊबदार ठेवण्यासाठी आपल्यासारखं इंधन माशाला जाळावं लागत नाही. चांगला पोसलेला, वाढलेला मासा चार-पाच दिवस अन्नाशिवाय सहज काढतो. त्याचा जीव घेतं ते बहुधा न खाल्लेलं अन्न. तळाशी पडलेले दाणे कुजतात, त्यातून अमोनिया तयार होतो आणि माशाचे कल्ले भाजून निघतात.

आपलंच आठवा ना! सासरी आल्यावर पहिले दोन दिवस घास घशाखाली उतरत नव्हता, आणि भोवती सगळे टक लावून "जेवत का नाहीस?" म्हणून विचारत होते. माशाचंही तसंच आहे. नवं पाणी, नवा उजेड, नवे शेजारी, त्यात काचेवर टकटक करणारी बोटं. त्याला आधी निवांतपणा हवा, जेवण नंतर.

काळजी दुकानातूनच सुरू करावी. मासा घेण्याआधी दुकानदाराला सांगा, "माझ्यासमोर याला खायला घाला." जो तिथं खात नाही, तो तुमच्याकडे येऊन लगेच खाईल ही आशा नको. दुकानात जे खाणं देतात, त्याचीच पुडी सोबत आणा. चव बदलायची ती मागाहून.

घरी आल्यावर पिशवी न सोडता पेटीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, म्हणजे दोन्ही पाण्यांची ऊब सारखी होईल. मग दर पाच मिनिटांनी पेटीतलं वाटीभर पाणी पिशवीत घाला. शेवटी मासा जाळीनं उचलून पेटीत सोडा, दुकानाचं पाणी मात्र ओतू नका. त्या दिवशी दिवा बंद आणि जेवणाला सुट्टी.

दुसऱ्या दिवशी अगदी थोडं द्या. माशाचा दाणा त्याच्या डोळ्याएवढा असावा, आणि दोन-तीन मिनिटांत संपेल तेवढाच टाकावा. उरलेलं नळीनं ओढून काढा. तोंड लावलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा, रागावून जास्त टाकू नका.

प्रत्येकाची तऱ्हा निराळी, बरं का! फायटर वर तरंगणारं खातो. डासांच्या अळ्या त्याला फार प्रिय, पण त्यासाठी घरात पाणी साठवून डेंग्यूला आमंत्रण देऊ नका. गोल्डफिशला जठरच नसतं, म्हणून त्याला थोडं थोडं द्यावं. उकडून साल काढलेला मटार कुस्करून दिला तर त्याला मानवतो. काच चाटणारा सकर दिवसा दडून बसतो. त्याच्यासाठी रात्री दिवा मालवल्यावर काकडीची चकती सोडा आणि सकाळी काढून टाका. एंजल लाजाळू, पण दुसरे खाताना दिसले की तोही पुढे येतो. सुकवलेले ट्युबिफेक्स किडे आधी दहा मिनिटं भिजवून घ्या. जिवंत किडे घाण पाण्यातले असतात, त्यांच्याबरोबर रोगही येतो.

तरीही खात नसेल तर आधी पाण्याकडे बघा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाला बाधतं. पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवावं, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवण्याचे थेंब वापरावेत. थंडीत पुण्या-नाशिककडे पाणी गार पडलं की एंजल, फायटर यांची भूक मंदावते. त्यांना साधारण २४ ते २८ अंश ऊब लागते, तेव्हा छोटा हीटर लावा.

पेटीही नवीनच असेल तर आणखी सबुरी हवी. अमोनिया पचवणारे सूक्ष्म जंतू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. दुधाला विरजण लावतो ना, तसंच इथेही करता येतं. मैत्रिणीच्या जुन्या, निरोगी पेटीतल्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा आपल्या फिल्टरमध्ये ठेवला की काम लवकर होतं. आणि हो, तो स्पंज नळाखाली धुऊ नका, पेटीतल्याच पाण्यात खळबळा.

मासा वर येऊन धापा टाकत असेल तर चौथा हिस्सा पाणी ताबडतोब बदला. अंगावर रव्याच्या कणांसारखे ठिपके, मिटलेले पर किंवा पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा दिसली तर तो आजारी आहे. त्याला वेगळ्या भांड्यात ठेवून जाणकाराला विचारा.

काहीजणींना चित्रात पाहिलेलं रंगीत प्रवाळ पेटीत हवं असतं. त्या मोहात पडू नका. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, आणि २००१ सालापासून त्यांना वन्यजीव कायद्याचं कडक संरक्षण आहे. कुणी समुद्रातलं प्रवाळ विकायला आणलं तर सरळ नाही म्हणा. तसंच नकोसा झालेला सकर विहिरीत किंवा नदीत सोडू नका. तो तिथं फोफावतो आणि इथल्या माशांच्या मुळावर येतो.

आता एकच युक्ती, सगळ्यात महत्त्वाची. खाण्याचा डबा वरच्या फळीवर ठेवा आणि घालणारा हात एकच ठरवा. दिवसाचं खाणं मोजून छोट्या डबीत काढा आणि ती मुलांच्या हाती द्या. त्यांची हौसही भागेल आणि माशाचा जीवही वाचेल. चिमूटभर कमी पडलं तर मासा उद्या मागून घेईल. जास्त पडलं तर मात्र ते उपसायचं काम शेवटी तुमच्याच गळ्यात!