विजेच्या छोट्या ट्रॅक्टरची चाचणी आणि वसई पट्ट्याचे निकष

विरार पूर्वेचा मनवेलपाडा आज इमारतींनी दाटून गेला असला, तरी ज्या वसई तालुक्यात तो मोडतो त्या तालुक्याची शेती दोन अगदी वेगळ्या रूपांत अजून तग धरून आहे. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला आगाशी, वाघोली, निर्मळ, अर्नाळा या परिसरात केळी, फुले आणि पालेभाज्यांच्या वाड्या आहेत. महामार्ग ओलांडून पूर्वेला गेले की डोंगराच्या पायथ्याची भातखाचरे लागतात. या दोन्ही ठिकाणी मोठा ट्रॅक्टर अडचणीचा ठरतो, कारण वाडीतली वाट अरुंद, केळीच्या दोन ओळींमधले अंतर जेमतेम, आणि खाचर बांधाबांधांनी इतके तुटलेले की मोठे यंत्र काम करण्यापेक्षा वळण्यातच वेळ घालवते. म्हणून अशा शेतीला साधारण मीटरभर रुंदीचा छोटा, म्हणजेच मिनी किंवा बागायती, ट्रॅक्टर मानवतो. महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी 90 टक्के अनुदानाची जी योजना आखली, तीही 9 ते 18 अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरांचीच होती. याच गटातला ट्रॅक्टर आता बॅटरीवर चालू लागला आहे, आणि तो नुसता चालवून पाहणे व त्याची खरी परीक्षा घेणे यांत मोठे अंतर आहे.

बॅटरीवर चालणारा बागायती ट्रॅक्टर ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 1969 मध्ये ‘इलेक-ट्रॅक’ या नावाने असे ट्रॅक्टर बाजारात आणले होते. शिसे-आम्ल बॅटऱ्यांवर चालणारे ते यंत्र गवत कापत असे आणि विजेची लहानमोठी हत्यारेही त्याला जोडता येत. मात्र त्या बॅटऱ्या वजनाच्या मानाने फार थोडी ऊर्जा साठवत, आणि काही वर्षांतच कंपनीने हा व्यवसाय सोडला. लिथियम बॅटरीने हे गणित बदलले. डिसेंबर 2020 मध्ये सोनालिका कंपनीने ‘टायगर इलेक्ट्रिक’ हा ट्रॅक्टर 5.99 लाख रुपयांच्या प्रारंभिक किमतीला जाहीर केला. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ‘प्रायमा ईटी-11’ हा 11 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर विकसित केला आणि 2023 मध्ये त्याचे अनावरण झाले. लहान शेतकरी डोळ्यांपुढे ठेवून तो आखलेला आहे. महाराष्ट्रात ऑटोनेक्स्ट कंपनीच्या विजेच्या ट्रॅक्टरची नोंदणी जुलै 2025 मध्ये ठाण्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांच्या उपस्थितीत झाली, परंतु तो 45 अश्वशक्तीच्या गटातला असल्याने वाडीच्या उपयोगाचा नाही.

डिझेलच्या ट्रॅक्टरची ओळख अश्वशक्तीने होते आणि ते योग्यच आहे, कारण टाकी रिकामी झाली तर डबा ओतून पाच मिनिटांत काम पुढे चालू करता येते. विजेच्या ट्रॅक्टरला अश्वशक्तीइतकाच, किंबहुना तिच्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा. वीजबिलावर जे ‘यूनिट’ छापलेले असते त्याच मापात ती मोजतात. ईटी-11 ची बॅटरी साडेतेरा यूनिटांची आहे, आणि तेवढ्यावर शेतात चार तासांहून अधिक काम होते असे संस्था सांगते. साडेतेराला चाराने भागले की सरासरी भार सुमारे 3.4 किलोवॅट, म्हणजे साडेचार अश्वशक्ती, इतका येतो. याचा अर्थ असा की चार तासांचा हा दावा यंत्र आपल्या पूर्ण शक्तीच्या निम्म्याहून कमी भारावर चालत असताना खरा ठरतो. नांगर खोल घातला, माती चिकट लागली, तर तास कमी होतात. दुसऱ्या बाजूने पाहावे तर एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा यूनिट ऊर्जा असली, तरी इंजिन तिच्यातली तीनच यूनिटे कामाला लावते आणि उरलेली उष्णता होऊन जाते, तर विद्युत मोटर मिळालेल्या ऊर्जेचा बहुतांश भाग चाकापर्यंत पोचवते. त्यामुळे साडेतेरा यूनिटांची बॅटरी कामाच्या हिशेबाने साधारण चार लिटर डिझेलच्या तोडीची ठरते. वाडीच्या सकाळच्या कामाला एवढी टाकी पुरते. दिवसभर भाड्याने फिरणाऱ्या ट्रॅक्टरला ती पुरणार नाही.

ट्रॅक्टरच्या अधिकृत परीक्षेची देशातील प्रमुख संस्था मध्य प्रदेशात बुधनी येथे आहे. तेथे दोन प्रकारची चाचणी होते: निर्मात्याला केवळ स्वतःच्या माहितीसाठी अहवाल हवा असेल तर गोपनीय, आणि यंत्र बाजारात आणायचे असेल तर व्यावसायिक. तेथे तपासल्या गेलेल्या पहिल्या विजेच्या ट्रॅक्टरचा मसुदा अहवाल फेब्रुवारी 2021 मध्ये तयार झाला. निर्मात्याने आधी गोपनीय म्हणून केलेला अर्ज नंतर व्यावसायिक करून घेतला. या परीक्षेत मुख्यतः दोन शक्ती मोजतात. पहिली ओढण्याची: ट्रॅक्टरच्या मागे भार देणारे वाहन जोडून तो किती जोराने ओढतो आणि ओढताना चाके किती घसरतात हे पाहिले जाते. दुसरी पी.टी.ओ.ची, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागील बाजूस फिरणाऱ्या त्या दांड्याची, ज्यावर रोटाव्हेटर किंवा फवारणी पंप चालतो आणि ज्याचा प्रमाण वेग मिनिटाला 540 फेरे असतो. पूर्वी या साऱ्याची पद्धत डिझेल इंजिन गृहीत धरूनच लिहिलेली होती. विजेच्या ट्रॅक्टरसाठी स्वतंत्र चाचणी-संहिता भारतीय मानक ब्यूरोने आयएस 19262 या क्रमांकाने 2025 मध्ये प्रसिद्ध केली. हे पाऊल फार मोलाचे आहे, कारण ‘एका चार्जिंगमध्ये आठ तास’ अशा वाक्यामागे कोणता भार धरला होता, हे विचारण्याचा आधार त्यामुळे ग्राहकाला मिळतो.

प्रत्यक्ष आसनावर बसून चालवताना सर्वांत आधी जाणवतो तो जोर, कारण विद्युत मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण पीळ देते आणि क्लचवर अर्धा पाय ठेवून यंत्र सांभाळण्याची गरज फारशी उरत नाही. केळीच्या खुंटांमधून ताशी दोन-तीन किलोमीटरच्या वेगाने रोटाव्हेटर नेताना ही गोष्ट मोठ्या कामाची आहे. दुसरा अनुभव मात्र सवयीला धक्का देणारा असतो. डिझेलचा चालक कानाने काम करतो. पाते मुळीत अडकले की इंजिनाचा आवाज बसतो आणि तो मागे न पाहताच लिव्हर ओढून अवजार उचलतो. विजेच्या ट्रॅक्टरवर तो आवाज नाही. पाते अडले तरी मोटर मुकाट्याने अधिक प्रवाह ओढत राहते आणि समोरच्या पडद्यावरचा आकडा तेवढा चढतो. म्हणून चालकाला मातीची भाषा कानाऐवजी डोळ्याने वाचायला शिकावे लागते, आणि चाचणीत याची नोंद व्हायला हवी असे ठामपणे म्हणावे लागते, कारण चुकीच्या सवयीने चालवलेले यंत्र बॅटरी लवकर संपवते आणि अवजारही मोडते. शांततेचा लाभ अर्थातच खरा आहे. वसईच्या वाड्या घरांना लागून आहेत, आणि पहाटे काम सुरू केले तरी शेजाऱ्याची झोप मोडत नाही.

या पट्ट्यासाठी कठीण परीक्षा चिखलणीची आहे. भातलावणीपूर्वी खाचरात पाणी साठवून माती घोळवतात, तेव्हा चाके घसरतात, ऊर्जा वाया जाते आणि यंत्राचा खालचा भाग तासन्‌तास पाण्यात राहतो. बॅटरीचे वजन येथे दुधारी ठरते: कोरड्या जमिनीत त्याने चाकांची पकड वाढते, चिखलात तेच यंत्राला रुतवते. त्यात समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात. काँक्रीटच्या धावपट्टीवर मोजलेली ओढ या प्रश्नांचे उत्तर देऊ शकत नाही. ते शोधायची सोय वसईच्याच पालघर जिल्ह्यात आहे: डहाणूजवळ कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. चिकूच्या खाली झुकलेल्या फांद्यांखालून जाणारा बुटका ट्रॅक्टर त्या बागांनाही हवाच आहे. तेव्हा अशा केंद्राच्या देखरेखीखाली एक यंत्र जूनमध्ये खाचरात आणि हिवाळ्यात वाडीत चालवून दर तासाला खर्च झालेली यूनिटे लिहून ठेवली, तर पालघर जिल्ह्याला स्वतःचे आकडे मिळतील.

चार्जिंगचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. ईटी-11 घरच्या साध्या सॉकेटवर सात-आठ तासांत भरतो, म्हणजे रात्री जोडून ठेवला की सकाळी तयार. यूनिटचा दर आठ रुपये आणि डिझेल लिटरला नव्वद रुपये धरले, तर वाटेत गळणारी वीज हिशेबात घेऊनही एका भरणीला सव्वाशेच्या आसपास रुपये पडतात, आणि तेवढ्याच कामाला डिझेल साडेतीनशेचे लागते. ही बचत तासाच्या हिशेबाने येत असल्याने वर्षाकाठी थोडेच तास चालणाऱ्या यंत्राची जादा किंमत तिच्यातून फिटायला वर्षे लागतील. म्हणूनच एका वाडीने घेण्यापेक्षा पाच-सहा वाड्यांनी किंवा बचत गटाने मिळून घेण्यात अर्थ आहे. मात्र ऐन चिखलणीत पावसाने वीज रात्रभर गेली तर कोणाचे खाचर आधी, हे त्या गटाला हंगामापूर्वीच ठरवून ठेवावे लागेल.