ब्रॉयलरचं आतडं
४०-४५ ग्रॅमचं ब्रॉयलर पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जातं. श्रेय आपण जातीला आणि खाद्याला देतो. आतड्याचं नाव कुणी घेत नाही. पहिल्या आठवड्यात ते बाकीच्या शरीरापेक्षा वेगाने वाढतं. त्याच्या अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. शोषण तिथेच होतं. पोटातल्या उरलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तगतं खरं, पण उंचवटे नीट वाढायला दाणा पोटात पडावाच लागतो. रक्ती हगवणीचे परजीवी याच अस्तराच्या पेशी फोडतात. मग महागडं खाद्य विष्ठेतून तुसाच्या गादीवर जातं, गादी ओली होते, अमोनिया डोळ्यांना झोंबतो. पिल्लं शेडवर येताच खाद्य-पाणी द्या आणि रात्री गळ्याखालची अन्नपिशवी चाचपून पाहा; ती भरलेली, मऊ लागली पाहिजे.